ढगातील थेंब कसा वाढतो



२०१५ साली व पुन्हा २०१९ साली मराठवाड्यात पावसाने ओढ दिली, तेव्हा औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, कृत्रिम पावसासाठी विमाने उडविण्यात आली. अशा वेळी मुले हटकून विचारतात, “गुरुजी, आभाळ भरून येते, मग पाऊस का पडत नाही?” ज्या मुलाच्या घरची पेरणी वाळत आहे, त्याला ‘दैवाची मर्जी’ हे उत्तर पुरत नाही.

हवेत पाण्याचे रेणू वाफेच्या रूपाने सतत धावत असतात. थेंबाच्या पृष्ठभागावर काही रेणू येऊन चिकटतात, काही तेथून निसटतात. येणारे अधिक असले की थेंब वाढतो. मात्र अतिसूक्ष्म थेंबाचा पृष्ठभाग फार वक्र असतो. तेथील रेणूला धरून ठेवणारे शेजारी कमी, म्हणून तो लवकर निसटतो. निव्वळ पाण्याचा असा थेंब बहुधा जन्मताच विरून जातो. त्याला धुळीच्या, धुराच्या वा मिठाच्या कणाचा आधार लागतो.

हे वर्गात दाखविता येते. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत थोडे कोमट पाणी घ्यावे, झाकण घट्ट लावून बाटली दाबावी व एकदम सोडावी. आतली हवा प्रसरण पावून थंड होते, तरी धुके जेमतेमच दिसते. मग उदबत्तीचा किंचित धूर आत सोडून तीच कृती करावी. बाटलीत पांढरा ढग उभा राहतो. मुलांना बाटली स्वतः दाबू द्यावी. नुसते पाहण्याने ही गोष्ट मनात ठसत नाही.

आधार मिळाला की बिंदू झपाट्याने वाढतो, पण मोठा होईल तसतसा त्याचा व्यास वाढण्याचा वेग मंदावतो. ढगातील बिंदूचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा असतो. दोन मिलिमीटर व्यासाच्या पावसाच्या थेंबात असे दहा लक्ष बिंदू सामावतात! केवळ वाफ साचून इतकी वाढ होण्यास कित्येक तास लागतील. तितके आयुष्य बहुतेक ढगांना नसते. म्हणून उष्ण ढगात मोठ्या बिंदूंनी खाली येताना लहानांना गिळावे लागते. धूलिकण फार झाले, तर तीच वाफ असंख्य बिंदूंत वाटली जाते, सारेच लहान राहतात आणि ढग न बरसता निघून जातो.

विमानातून क्षारकण सोडतात ते यासाठी, की काही बिंदू इतरांहून मोठे व्हावेत. उंचावरील अतिशीत ढगांत हिमकण तयार व्हावेत म्हणून सिल्व्हर आयोडाइड वापरतात. दोन्ही प्रकारांत ढग आधी असावा लागतो. निरभ्र आकाशात हे विमान का पाठवीत नाहीत, हे बाटलीचा प्रयोग केलेल्या मुलांनाच विचारून पाहावे.