एकोणतीस म्हणजे किती?



माझा धाकटा भाऊ 'एकोणतीस' ऐकलं की ३९ लिहायचा. पाचवीत लिहायचा, नववीतही. आईच्या भाजीच्या गाडीवर पन्नासच्या नोटेतून अठरा गेले तर परत किती द्यायचे, इथे अडायचा आणि गिऱ्हाइकालाच विचारायचा. गोष्ट सांगायला बसला तर मात्र अख्खी गल्ली ऐकायची. शाळेतल्या सरांनी आईला सांगितलं, "तुमच्या लोकांचं गणित असंच असतं. सवलतीत निघेल पुढे." आई घरी येऊन म्हणाली, सर चांगले आहेत, रागावले नाहीत.

दहावीला तो गणितात दोनदा नापास झाला. आज टेम्पो चालवतो.

डिस्कॅल्क्युलिया हा शब्द मला एम.ए.ला भेटला. बुद्धी शाबूत, पण संख्येची जाण पक्की बसत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यात अध्ययन अक्षमता आली आणि तिच्या व्याख्येत डिस्कॅल्क्युलियाचं नावही आलं. महाराष्ट्रात तर अशा मुलांना दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित घ्यायची सवलत त्याच्याही आधीपासून होती. माझ्या भावाच्या वयाच्या, सोसायटीत राहणाऱ्या एका मुलाने ती घेतली. त्याच्या आईवडिलांना कुठे जायचं ते माहीत होतं. तपासण्यांसाठी सरकारी हॉस्पिटलच्या चार खेपा घालायच्या म्हणजे माझ्या आईचे चार दिवसांचे पैसे बुडणार. आणि मुळात तिला हा शब्द सांगणार कोण?

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याने व्याख्येतच लिहिलं की आर्थिक किंवा सांस्कृतिक वंचिततेमुळे मागे पडलेलं मूल यात धरायचं नाही. क्रिस्टीन स्लीटर यांनी १९८६ मध्ये मांडलं की सुरुवातीच्या काळात ही वर्गवारी मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या उपयोगी पडली. कृष्णवर्णीय आणि गरीब मुलांच्या वाट्याला मतिमंद वगैरे जास्त बदनाम शिक्के आले. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांचं पोर डिस्कॅल्क्युलिक, आपलं पोर ढ.

उलटी चूकही करू नका. वस्तीतल्या ज्या मुलाला कुणी धड शिकवलंच नाही, त्याला अक्षम म्हणणं हाही अन्यायच. फरक कळायला आधी नीट शिकवून पाहावं लागतं, आणि तेच होत नाही. सवलत मिळाली तरी ती गणितातून सुटका देते, गणित देत नाही.

मी रविवारी वस्तीत वर्ग घेते. तिथे एक मुलगी आहे, सहावीतली, अगदी माझ्या भावासारखी. पाढे पाठ होत नाहीत, म्हणून तक्ता समोर ठेवला. पाठांतर म्हणजे गणित नव्हे. शंभर मण्यांची माळ केली, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. एकोणतीसवर चिमटा लाव म्हटलं की ती तिसाच्या पुढे जायची. तिची चूक मला शहाणी वाटली. शब्दात तीस ऐकू येतं, मग ती तिसापाशीच जाणार ना! मराठीत एकवीस म्हणताना एक आधी येतो, लिहिताना दोन आधी. कन्नड, तेलुगूत वीस आधी, मग एक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा भाषा बुडाली म्हणून केवढा गदारोळ झाला! त्या गोंगाटात या मुलीसारख्यांना काय सोपं जाईल, हा प्रश्न पार मागे पडला.

मी तिला एवढंच सांगितलं, 'एकोण' म्हणजे एक कमी. ती माळेवर बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "ताई, म्हणजे एकोणचाळीस चाळीसच्या अलीकडे? एकोणपन्नास पण?" प्रत्येक ठिकाणी चिमटा लावून तिने स्वतः ताडून पाहिलं. तिचा डिस्कॅल्क्युलिया गेला नाही, जाणारही नाही. पुढच्या रविवारी निम्मं विसरली होती. माळ हातात घेतल्यावर पुन्हा शोधलं.

त्या दिवशी नव्व्याण्णववर येऊन ती थांबली आणि विचारलं, "मग याला एकोणशंभर का नाही म्हणत?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी फोन करून भावाला विचारलं. तो म्हणाला, "हे मला तेव्हा कुणी का नाही सांगितलं, एक कमी म्हणून?"

जयभीम.