आरक्षणाचे कोडे



अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की, कोणती जागा कोणत्या प्रभागात राखीव होणार, याची चर्चा चावडीवर सुरू होते. वस्तुतः हे तर्कशास्त्राचे कोडेच होय : अटी आधी, वाटणी नंतर.

अटी कायद्याने घातल्या आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित जमातींच्या जागा एकूण जागांच्या निम्म्याहून कमी नसाव्यात; सरपंचपदही त्यांच्यासाठीच राखीव असते. राज्यात २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत.

उदाहरणादाखल ३ प्रभागांची, ९ जागांची पंचायत घ्यावी. जमातींच्या जागा ५. त्यांपैकी महिलांच्या ३. लोकसंख्येनुसार पहिल्या प्रभागात जमातींच्या ३, इतर दोहोंत प्रत्येकी १ जागा आहे, असे समजावे. निम्म्याच्या हिशेबाने पहिल्यात महिलांच्या २ जागा झाल्या. उरलेली १ दुसऱ्यात की तिसऱ्यात? मागील खेपेस ती दुसऱ्यात असेल, तर फिरत्या क्रमाने आता तिसऱ्यात जाईल. दोन्ही प्रभाग समान ठरले, तरच चिठ्ठी.

म्हणजेच सोडत ही केवळ नशिबाची बाब नव्हे. तर्क संपतो तेथेच चिठ्ठीचे काम सुरू होते. म्हणून विशेष ग्रामसभेस येणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब आधी कागदावर मांडून पाहावा. चूक आढळल्यास मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. मुदत टळली, तर हक्काची जागा गमावलेल्या भगिनीस पुढील निवडणुकीची वाट पाहावी लागेल.