क्षणभर जगणारं सिलिकॉन



मी ज्या रेणूंचा अभ्यास करते, ते बाटलीत भरून फडताळात ठेवता येत नाहीत. सिलिलीन हे त्यांचं नाव. सिलिकॉन एरवी चार बंध जोडतो. सिलिलीनमध्ये त्याचे दोनच जुळलेले असतात. त्यामुळे समोर येईल त्या रेणूवर तो झडप घालतो आणि पापणी लवायच्या आत संपतो.

मग त्याला पाहायचं कसं? 1954 साली बर्कले इथे जॉर्ज पिमेंटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती मांडली. असा रेणू निष्क्रिय पदार्थात अगदी विरळ मिसळायचा आणि सगळं गोठवायचं. आर्गॉन वायू 10 केल्विनला, म्हणजे उणे 263 अंश सेल्सिअसला, घट्ट स्वरूपात असतो. त्यात अडकलेल्या रेणूला हलता येत नाही, शेजारीही मिळत नाही. मग आपण निवांतपणे त्यातून प्रकाश सोडायचा. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला गेला, यावरून रेणूची ओळख पटते.

यातून काय साधलं? सिलिकॉन-सिलिकॉन दुहेरी बंध टिकूच शकत नाही, असं पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ शिकवलं जाई. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट वेस्ट यांच्या गटाने ओळीने तीन सिलिकॉन अणू असलेलं एक संयुग घेतलं. ते सेंद्रिय द्रावकात विरघळवून 77 केल्विनला काचेसारखं गोठवलं आणि त्यावर अतिनील किरण सोडले. काच निळी झाली. तो निळा रंग सिलिलीनचा! ती काच वितळू दिली, तसा निळा जाऊन पिवळा आला. सुटे झालेले सिलिलीन दोन-दोन करून जोडले गेले होते, दुहेरी बंधाने. 1981 मध्ये हे पिवळं संयुग जाहीर झालं. हवा लागू दिली नाही, तर ते खोलीच्या तापमानालाही टिकतं. दोन्ही सिलिकॉन अणूंभोवतीचे अवजड गट त्याची राखण करतात.

याचा संबंध तुमच्या मोबाइलशीही आहे. सिलेन वायू तापवून सिलिकॉनचा पातळ थर बसवतात, तेव्हा सगळ्यात साधं सिलिलीन वाटेत तयार होतं. ते कसं वागतं हे कळल्याशिवाय थर कसा वाढतो हे नीट कळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ‘टिकत नाही’ म्हणजे ‘नसतंच’ असं नव्हे. पुस्तकात ‘अशक्य’ असं वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: किती तापमानाला?