आमिषाचा सापळा आणि बांधापलीकडचा शेजार
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही आयुष्यभर खडू-फळा सांभाळला; कृषिशास्त्राचे पंडित आम्ही नव्हे. परंतु हिंगोली, वसमत, कळमनुरीकडील आपल्या अनेक ज्ञातिबांधवांचा चरितार्थ शेतीवर असल्याने फळमाशीविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

सोन्यासारखा पिवळा पेरू कापावा आणि आत अळ्या वळवळाव्यात, हा अनुभव पावसाळी बहारात कोणास आला नाही? मादी सालीखाली अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघून गर पोखरतात. फळ गळते, अळी मातीत शिरून कोष करते आणि तेथून नवी माशी उडते. याच माशीपायी युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून हापूसला दार बंद केले होते. ते २०१५ साली उघडले.

मिथाइल युजेनॉलचे सापळे आपणांस ठाऊक आहेत. बिहारमधील पुसा येथे हॉवलेट या संशोधकाने १९१५ साली या द्रव्याचा गुण दाखवून दिला. आपल्या तुळशीतही ते असते. मात्र त्यास भुलतात ते केवळ नर. आणि उरलेला एकेक नर अनेक माद्यांस पुरतो.

अंडी घालणाऱ्या मादीस पकडावयाचे तर तिची भूक ओळखली पाहिजे. अंडी पक्व होण्यास तिला प्रथिने लागतात. म्हणून गुळाच्या पाण्यात पिकले केळे कुस्करावे, थोडे यीस्ट घालून ते आंबवावे आणि वरच्या अंगास भोके पाडलेल्या बाटलीत ओतून झाडाच्या सावलीत टांगावे. वासाने माशी आत शिरते व बुडून मरते. या आमिषात नरही सापडतात. मात्र हा वास फार दूर पोहोचत नाही. म्हणून सापळे जवळजवळ लावावेत आणि आमिष आठवड्यास बदलावे.

तथापि बागेत सडकी फळे पडून राहिली तर बाटली काय करणार? ती रोज वेचून दोन फूट खोल पुरली पाहिजेत. आणि आपण पुरली, शेजाऱ्याने नाही, तर त्याच्या माश्या आपल्याकडे येणारच. हवाई बेटांत १९९९ नंतर फळमाशीविरुद्ध जी मोहीम झाली, तिचे मर्म हेच होते: एकट्याची बाग नव्हे, सारा परिसर एकाच वेळी राखावयाचा.

ज्ञातिबांधवहो, आपल्या मंडळात आपण एकमेकांस धरून आहोत, ही भूषणाची गोष्ट होय. परंतु माशीला बांध कळत नाही, तशी जातही कळत नाही. आपल्या बांधाला लागून ज्याचे शेत, तो कोणत्याही ज्ञातीचा असो, या कामी तोच आपला पहिला सोबती. म्हणून येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या चारही बांधांवरील शेजाऱ्यांस घरी बोलवावे, सापळे एकाच दिवशी टांगावेत आणि गळलेली फळे वेचण्याचे काम मिळून ठरवावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.