डॉक्टर पोमारे : वैद्य आणि मंत्री
(वर्धापनदिन समारंभात वाचलेले भाषण)



आम्ही जन्मभर परिचारिका. भाषणे करणे हे काही आमचे काम नव्हे. तरी सेवेविषयी चार शब्द बोला, असा आपला आग्रह झाला, म्हणून न्यूझीलंडमधील एका डॉक्टर-पुढाऱ्याची हकीकत सांगतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, हे आपण वाडवडिलांकडून ऐकले आहे. पुढच्या वर्षी पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले आणि लोक भीतीने रोग्यांना लपवू लागले. १९०० साली प्लेग सिडनीला पोचला. न्यूझीलंड तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. तिथे घबराट उडाली व त्याच वर्षी आरोग्य खाते निघाले. माओरी वस्त्यांसाठी मात्र खात्याने सोल्जर धाडले नाहीत. १९०१ साली डॉ. माउई पोमारे यांना नेमले. अमेरिकेत शिकून १८९९ साली पदवी घेतलेले ते पहिले माओरी डॉक्टर.

१८९६ च्या शिरगणतीत माओरी अवघे ४२ हजारांच्या आसपास उरले होते. ही जात संपणार, असे गोरे लोक उघड म्हणत. पोमारे गावोगाव फिरले. स्वच्छ पाणी, संडास, हवेशीर घरे यांविषयी आपल्याच भाषेत बोलले. कुजक्या झोपड्या पाडायला लावल्या. आपला माणूस सांगतो आहे, म्हणून पुष्कळांनी ऐकले.

१९११ साली ते पश्चिम माओरी मतदारसंघातून निवडून आले व १९१२ साली मंत्री झाले. इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, वाइकाटोच्या माओरींवर सक्तीची लष्करभरती लादली गेली. पोमारे त्या बाजूचे होते. पण १८६० नंतर सरकारने ज्यांच्या जमिनी जप्त केल्या, त्यांनी त्याच सरकारसाठी का लढावे? ते-पुएया या राजघराण्यातील बाईंनी विरोध केला. तरुण तुरुंगात गेले, पण सक्तीने भरती केलेल्यांपैकी एकही परदेशी रणांगणावर गेला नाही. डॉक्टरांवरचा त्या लोकांचा विश्वास मात्र गेला.

१९२३ ते १९२६ ते आरोग्यमंत्री होते. नर्सेसच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा जगात प्रथम, १९०१ साली, याच देशाने केला होता. परिचारिका व सुइणींचा नवा कायदा पोमारे यांच्या कारकिर्दीत, १९२५ साली झाला. जप्त जमिनींची चौकशी व्हावी म्हणूनही ते झटले. १९२७ साली चौकशी मंडळाने तारानाकीतील जप्ती अन्यायाची व वाइकाटोतील अतिरेकी ठरवली. १९३० साली कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

२०२३ च्या जनगणनेत माओरी वंशाचे लोक पावणेदहा लाखांहून अधिक भरले.

आम्ही वॉर्डात पाहिले आहे, रोगी आधी सुई पाहत नाही, टोचणाऱ्याचा चेहरा पाहतो. तो चेहरा आपला वाटला, तर हात पुढे करतो. हुकमाने हात धरता येतो, पण मन उघडत नाही. पोमारे यांनी दोन्ही अनुभवले. आपल्यातले जे कोणी डॉक्टर, नर्स वा पुढारी होतील, त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.