अ‍ॅट्रॉसिटी कोण करतं?



माझ्या काकांना गावात चारचौघांदेखत जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. ते तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले, सोबत मी होतो. समोरच्या हवालदाराने मान वर न करता विचारलं, "अ‍ॅट्रॉसिटी करायला आलात का?" काका म्हणाले, "साहेब, अ‍ॅट्रॉसिटी माझ्यावर झालीय. ती सांगायला आलोय."

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

इंग्रजी कोशात त्याचा अर्थ क्रूर अत्याचार. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यात मात्र त्याची स्वतंत्र व्याख्या आहे: कलम ३ खाली शिक्षा होणारा गुन्हा म्हणजे अत्याचार. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाने आपल्याला सार्वजनिक पाणवठ्यावर अडवणं, चपलांचा हार घालणं, बहिष्कार टाकणं, लोकांसमोर जातीवरून अपमान करणं, हे सगळं त्यात येतं. म्हणून "एवढ्याशा शिवीला अ‍ॅट्रॉसिटी?" या प्रश्नाला कायद्यात जागा नाही.

आता आपली रोजची मराठी ऐका. "त्याने अ‍ॅट्रॉसिटी केली" म्हणजे काय? त्याने तक्रार केली! गुन्ह्याचं नाव तक्रारीला चिकटलं. ज्याने मार खाल्ला तोच 'करणारा' ठरला आणि मारणारा वाक्यातून निसटला. 'लावली', 'टाकली', 'अडकवलं' या क्रियापदांत तक्रार खोटी असल्याचा निकाल आधीच लागलेला असतो.

हा संशय न्यायालयातही पोहोचला. २० मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली आणि अटकेवर पूर्वपरवानगीची अट घातली. २ एप्रिलला भारत बंद झाला. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ आणून दोन्ही गोष्टींची गरज नसल्याचं स्पष्ट केलं. २०२० मध्ये न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं.

कायदा सावरला, बोली अजून तशीच आहे. म्हणून ठाण्यात गेलात तर "अ‍ॅट्रॉसिटी करायची आहे" म्हणू नका. "माझ्यावर अत्याचार झालाय, गुन्हा नोंदवा" म्हणा. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेणं, सहीआधी वाचून दाखवणं आणि तिची प्रत देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. ते जाणूनबुजून टाळणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या अधिकाऱ्याला कलम ४ खाली शिक्षा आहे.

काकांची फिर्याद लिहून होईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. सही करण्याआधी त्यांनी ती वाचून दाखवायला लावली.

जय भीम.