वजन दुसऱ्यांदा उतरवताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त सभासदांपैकीच काहींनी आपापल्या विषयावर बोलावं असं कमिटीने ठरवलं. मला विषय दिला 'वजन कसं कमी करावं'. मी त्यात एकच शब्द वाढवून घेतला, 'पुन्हा'. पहिल्यांदा वजन कसं कमी करायचं हे सांगणारे उदंड आहेत. डॉ. दीक्षित सांगतात दोनदाच जेवा, ऋजुता दिवेकर सांगतात थोडं थोडं खा, आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी कुणी ना कुणी कोमट पाण्यात लिंबू पिळत असतंच. पण कष्टाने उतरवलेलं वजन परत आलं, पन्नाशी उलटली आणि आता पुन्हा श्रीगणेशा करायचाय, अशा माणसाशी कुणी बोलत नाही. मला आज त्यांच्याशी बोलायचंय. हॉलमध्ये नजर टाकली तर आपली संख्या काही कमी नाही!

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. बँकेत तीस वर्षं काढली, त्यामुळे आकडे लिहून ठेवायची सवय आहे. ते आधी सांगते. माझी उंची पाच फूट दोन इंच. पंचेचाळिसाव्या वर्षी वजन होतं ७८ किलो. आठ महिन्यांत ते ६४ वर आणलं. पुढच्या चार वर्षांत ते ८१ झालं, म्हणजे मुद्दल परत आलं आणि वर तीन किलो व्याज. एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा सुरुवात केली. या वेळी दीड वर्ष लागलं आणि काटा ७१ वर आला. त्यालाही आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून ७० ते ७२ च्या मध्येच आहे.

वजन परत आलं की लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. उतरतं तेव्हा जिन्यात थांबवून विचारतात, "अगं, किती बारीक झालीस, काय करतेस?" वाढतं तेव्हा थांबवत नाहीत, नुसतं वरपासून खालपर्यंत बघतात. आणि जिचं वाढलंय तिलाही वाटतं की आपल्यातच काही कमी आहे, आपला निश्चयच कच्चा. हे खरं नाही. माझं म्हणणं म्हणून नाही, अभ्यासातून दिसलंय म्हणून सांगते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वतःहून पुढे आलेले होते. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं. पण त्यांचं सगळं चित्त जेवणावर खिळलं. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटातलं अन्न तासन्‌तास पुरवून खायचे. प्रयोग संपल्यावर पोटभर मिळायला लागलं तरी भूक शमेना, आणि अंगावरची चरबी आधीपेक्षाही जास्त झाली. निश्चयाचे पक्के असलेल्या पंचविशीतल्या तरुणांची ही गत.

अलीकडचं उदाहरण सांगते. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा चालायची. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी, त्यापेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. सहा वर्षं झाली तरी! म्हणजे उपासमार झाली की शरीर दुष्काळ पडल्यासारखं वागतं. खर्चाला कात्री लावतं, भूक वाढवतं आणि मिळालेला घास साठवून ठेवतं. आपल्या आज्या-पणज्या दुष्काळातून जगल्या त्या याच गुणावर. शरीराला डाएट आणि दुष्काळ यातला फरक कळत नाही.

आता वयाबद्दल. 'चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. २०२१ मध्ये जगभरातल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजणीवर एक मोठा अभ्यास आला. त्यात असं दिसलं की शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरला तर हा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास तेवढाच राहतो. मग आपलं काय होतं? स्नायू कमी होतात. पाळी थांबण्याच्या सुमारास बायकांची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. झोप मोडते, आणि अपुरी झोप भूक वाढवते. शिवाय दिवस खुर्चीत जातो. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीला आपण थेट हात घालू शकतो, ही चांगली बातमी.

पोटाबद्दल एक गोष्ट आपल्या पुण्यातली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. मशीनवर चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! दोघांच्या फोटोसह हे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. आपण भारतीय दिसायला सडपातळ असलो तरी आत चरबी असते ती अशी. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात, आणि कमरेचा घेर बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९० सेंटिमीटर. काट्याबरोबर घरात टेपही ठेवा. शिवणाची चालेल.

इतकं सगळं शरीर विरुद्ध असताना पुन्हा कशाला त्या वाटेला जायचं, असं मलाही वाटत होतं. गेले ते माझ्या सासूबाईंमुळे.

जुन्या सभासदांना त्या आठवत असतील. सोसायटी झाली त्या वर्षी त्या साठीच्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरून दिवसात चार वेळा खाली उतरायच्या, भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या, संध्याकाळी बाकावर बसायच्या. पुढे वजन वाढलं, गुडघे गेले. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही. आधी दिवसातून एकदा, मग आठवड्यातून एकदा आणि शेवटची पाच वर्षं त्या खाली आल्याच नाहीत. गणपतीची आरती त्या गॅलरीत उभं राहून म्हणायच्या. दवाखान्यात न्यायचं तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघं जण उतरवायचे. यातल्या काही जणांचे हात आज या हॉलमध्ये आहेत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत माझ्या रात्री जागरणात गेल्या. माझं वजन परत आलं ते बरंचसं त्याच काळात. त्या गेल्यानंतर एक दिवस भाजी घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर मला थांबावं लागलं. उजवा गुडघा बोलला. त्याच महिन्यात रक्ताची तपासणी केली, तीन महिन्यांची साखर निघाली ६.२. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मला ६४ किलो नको होतं, साडीही जुनीच चालणार होती. मला पंचाहत्तराव्या वर्षी स्वतःच्या पायांनी खाली यायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, "सत्तरच्या घरात आणा आणि तिथे राहा. बाकीचं सोडून द्या." हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात लक्ष्य होतं फक्त सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं. तेवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ८१ किलोचे सात टक्के म्हणजे पावणेसहा किलो. हा आकडा बघून धीर येतो.

मग मी काय केलं? पहिलं काम तेलाच्या हिशोबाचं. आमच्या घरात चार माणसं आणि महिन्याला पाच लिटर तेल. भागाकार केला तर माणशी रोज बेचाळीस मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेल मोजून काढायला लागले आणि महिन्याला तीन लिटरवर आले. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. फोडणी तीच, चमचा छोटा.

दुसरं म्हणजे ताट. पोळी-भात बंद केला नाही. आपल्या ताटात वरण असतं, पण ते पातळ आणि वाटीभरच. ते दाट केलं. सकाळी उपमा-पोह्यांऐवजी बहुतेक दिवस मुगाचं धिरडं किंवा अंडी. दुपारी उसळ हवीच, मटकी, चवळी, वाल, काहीही. जोडीला ताक. प्रथिनं पोटात गेली की चार वाजता फरसाणाचा डबा हाक मारत नाही. आणि वजन उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणूनही ती लागतात. उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीऐवजी राजगिरा, दही आणि फळ. देवाची काही तक्रार आलेली नाही.

तिसरं, ताकद. चालणं मला पूर्वीही माहीत होतं, वजन उचलणं माहीत नव्हतं. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून दंड. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलायच्या. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं. गुडघ्याचं दुखणं वजनाआधी यानेच कमी झालं, कारण मांडीचा स्नायू सांध्याचा भार उचलतो. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी मात्र विचारूनच सुरू करावं.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उतरल्यानंतरचं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही आहे. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची नावं तिच्यात घेतात. त्यातल्या बहुतेकांच्या सवयी मिळत्याजुळत्या आहेत. रोज साधारण तासभर चालण्यासारखी हालचाल, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभं राहणं, सुट्टी असो वा सण खाण्याची एकच रीत, टीव्ही कमी. चमत्कार काहीच नाही. मी दर रविवारी सकाळी वजन करते आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिते. दोन किलो वाढलं की हिशोब पुन्हा कडक. दहा वाढायची वाट बघायची नाही.

काही जणींनी इंजेक्शनांबद्दल आधीच विचारून ठेवलंय. आठवड्याला एक घ्यायची ही औषधं २०२५ पासून आपल्याकडेही मिळू लागली आहेत. त्यांनी भूक कमी होते आणि वजन चांगलं उतरतं. पण औषध थांबवलं की बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं, तेही अभ्यासात दिसलंय. कुणाला गरज आहे ते डॉक्टर ठरवतील. शेजारणीने ठरवू नये, आणि घेणाऱ्याला नावंही ठेवू नयेत. ब्लडप्रेशरच्या गोळीला आपण कुठे नावं ठेवतो?

माझी साखर आता ५.८ आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढते. बीएमआय अजून पुस्तकातल्या रेषेच्या वरच आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

शेवटी सोसायटीकडे तीन मागण्या. पहिली सभासदांकडे. कुणाच्या वजनावर जिन्यात शेरा मारू नका, चांगलाही नको. त्याऐवजी "फिरायला येतेस का?" असं विचारा. गेटपासून पंपरूमला वळसा घालून परत गेटपर्यंत माझी ३१० पावलं होतात. सकाळी साडेसहाला आम्ही पाच जणी असतो, सहावीला जागा आहे. दुसरी महिला मंडळाकडे. हळदीकुंकवाला आणि मीटिंगला वड्यांच्या जोडीला एक पदार्थ उसळीचा किंवा कोशिंबिरीचा ठेवा. वडे बंद करा असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. तिसरी कमिटीकडे. जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूलाही धरायला पाइप बसवा, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक छोटा बाक ठेवा. रीडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल, लिफ्ट येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आपल्या इमारतीत सत्तरीच्या पुढची अकरा माणसं आहेत, आणि त्यांना खाली यायचं आहे.

चहा तयार आहे. साखर वेगळी ठेवली आहे, ज्याने त्याने आपापली घालून घ्यावी.